तोरणाखालचं पुस्तक

आमच्या शाळेतल्या प्रत्येक मुलाकडे एक गाय होती. निबंधात. तिला चार पाय, दोन शिंगं आणि एक शेपूट असे, ती भरपूर दूध देई आणि सगळ्यांना फार आवडे. ज्यांच्या दारात साधी शेळीही बांधलेली नव्हती, त्यांची गायसुद्धा तितकंच दूध देत होती. वह्या तपासताना माझं डोकं फिरायचं. एकदा मी वर्गात विचारलंच, "अरे, ही गाय आहे तरी कोणाची?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "गाइडातली, म्याडम!"

दारव्ह्याहून आत गेलं की काळ्या जमिनीत वसलेलं ते गाव. पहिली ते चौथीची शाळा, दोन खोल्या आणि आम्ही दोन शिक्षक. एक मी आणि दुसरे मुख्याध्यापक, ज्यांना मुलं मोठे सर म्हणत. ते शेतकऱ्याच्या घरचे. मी यवतमाळची. आमच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीतले, त्यामुळे शेत मी एसटीच्या खिडकीतून जेवढं दिसतं तेवढंच पाहिलेलं. कपाशी आणि तूर यांतला फरक मला पहिलीच्या मुलांनी शिकवला, आणि शिकवताना ते माझी जराही कीव करत नसत.

दिवस कापसाचे वाईट होते. दोन माणसं भेटली की बोंडअळीचंच बोलणं निघायचं. पण मुलं ती मुलंच. त्यांना मोठी बातमी म्हणजे शाळेत आलेला टीव्ही. गावाने वर्गणी करून तो घेतला होता आणि मोठ्या सरांनी धुळीपासून जपायला त्याला घरची चादर पांघरली होती. महिनाभर आम्ही चादरच पाहिली.

त्या सुमारास दारव्ह्याला एका प्रशिक्षणात मला मोबाइलवर पुस्तक करायची युक्ती कळली. मुलाच्या हातचं लिहिलेलं आणि काढलेलं चित्र, दोन्हींचा फोटो घ्यायचा, तो पानावर ठेवायचा, आणि त्याच पानाला त्या मुलाचा आवाज जोडायचा. कोपऱ्याला बोट लावलं की फर्र आवाज करत पान उलटतं. मग ते पुस्तक कोणाच्याही मोबाइलवर पाठवता येतं. मी इतकी खूश झाले की परतीच्या वाटेवर जीपमध्ये शेजारच्या बाईला सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन लिवान काय त्याच्यात?"

प्रश्न बरोबर होता. गाइडातली गाय फर्र करत पान उलटून आली असती तर मी मोबाइल विहिरीत टाकला असता.

उत्तर पोळ्याला मिळालं. त्या दिवशी मी मुद्दाम गावात थांबले. मारुतीच्या देवळापुढे आंब्याच्या पानांचं लांब तोरण बांधलं होतं आणि त्याखाली बैलजोड्या रांगेत उभ्या होत्या. एकेक माणूस पुढे येई आणि हात उंचावून झडती म्हणे. झडती म्हणजे यमक जुळवलेल्या चार-सहा ओळी, आणि त्यांत कोणाची तरी टोपी उडवलेली. सरपंचाची, सावकाराची, बायकोच्या भावाची, सरकारची. शेवटी सगळे मिळून महादेवाचा गजर करायचे. ज्याच्यावर झडती झाली त्याने रागवायचं नाही, उलट झडतीने उत्तर द्यायचं. एकाने मोठ्या सरांच्या दुपारच्या झोपेवर अशी झडती म्हटली की सर स्वतःच पोट धरून हसत होते.

म्हणणारा होता जीपवाला. त्याने बैलजोडी विकून एक जुनी जीप घेतली होती आणि दारव्ह्याच्या फेऱ्या मारायचा. दारात बैल नाहीत म्हणून पोळा सोडायचा माणूस तो नव्हे. जीप धुऊन, तिला शेंदूर-हळद लावून त्याने रांगेच्या शेवटी उभी केली होती, आणि आरतीचं ताट बैलांवरून फिरत फिरत जीपपाशी आलं तेव्हा कोणाला त्यात काही वेगळं वाटलंही नाही. जीपच्या बॉनेटवर त्याची भाची बसली होती. ती माझ्या वर्गातली, चौथीत.

ही मुलगी गावात कोणाची लेक नव्हती, भाची होती. तिचं गाव आर्णीकडे. आदल्या वर्षी अळीने कपाशी खाल्ली तेव्हा तिचे आईबाप दूर वीटभट्टीवर कामाला गेले आणि जाताना तिला मामाकडे ठेवून गेले. भट्टीवर शाळा नव्हती. शाळा सुटू नये एवढ्यासाठीच ती आईपासून लांब राहत होती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे तापाने फणफणली तरी शाळेत यायची. वर्गात सगळ्यांत तिखट जीभ तिचीच होती आणि खरं सांगायचं तर माझी सगळ्यांत लाडकीही तीच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरची गाय पुसली आणि म्हटलं, "झडत्या लिहा. स्वतःच्या. गाइडात बघायचं नाही."

गाइडात झडत्या नव्हत्याच. पहिली दहा मिनिटं सगळे छताकडे पाहत बसले. मग कोणीतरी फिस्सकन हसलं आणि वर्ग हातातून गेला. त्यानंतरचे कित्येक दिवस शाळेत दुसरं काही सुचेना. खिचडीवर झडती झाली, चादरीतल्या टीव्हीवर झाली, आणि मी ज्या दिवसाबद्दल कोणी बोलू नये म्हणून प्रार्थना करत होते त्यावरही झाली.

म्याडमची गाडी चिखलात फसली,
सारी शाळा तिच्या मांगं लागली.
गाडी निंगाली, म्याडम गेल्या,
चपला मातर तेथीच राह्यल्या!

मी रागाने लाल झाले. मग मला हसू फुटलं. शेवटी मीच त्या पोराला म्हटलं की चित्रात चपला जरा मोठ्या काढ.

भाचीने लिहिली ती मामाच्या जीपवर. पावसाळ्यात मी माझी स्कूटी दारव्ह्याला ठेवून त्याच जीपने यायची, त्यामुळे तिने लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे याची ग्वाही मी देऊ शकते.

मामाची जीप चालली बाजाराले,
उभं राहाले जागा नाही बोकडाले.
बुढी म्हणे, 'पोरा, माहा पाय कुठी गेला?'
मामा म्हणे, 'बुढे, तो मांगच्या सीटवर ठेवला!'

तिने ती मोबाइलमध्ये म्हटली तेव्हा बुढीचा आवाज वेगळा काढला, मामाचा वेगळा, आणि मधे बोकडही ओरडला. बोकड लिहिलेल्यात नव्हता.

पुस्तक पुरं व्हायला दिवाळी उलटली. फोटो काढायचे तर ऊन हवं, आवाज घ्यायचा तर शेजारची पिठाची गिरणी बंद हवी. सगळं जमलं तर नेटवर्क नाही. गावात नेटवर्क एकाच जागी यायचं, पाण्याच्या टाकीच्या वरच्या पायऱ्यांवर. मी साडी सावरत वर उभी आणि खाली अख्खी शाळा मान वर करून. "गेलं का म्याडम?" "नाही रे, गोल फिरतंय." "अजून फिरून राह्यलं?" शेवटी ते गेलं आणि खाली अशी आरोळी उठली की कापसाच्या वेचणीला निघालेल्या बाया थांबून पाहू लागल्या.

पालकांच्या ग्रुपवर मी ते पाठवलं, आणि पुस्तक गावभर झालं. ज्या घरी कधी वर्तमानपत्र आलं नाही तिथे म्हातारी माणसं नातवाचं पान पुन्हा पुन्हा उलटून ऐकत होती. एका आजोबांना झडतीपेक्षा फर्र आवाजाचंच कौतुक होतं. पुण्याला कंपनीत गेलेल्या पोरांनी परत निरोप पाठवले. मी हवेत होते.

सगळ्यांत जास्त ऐकलं गेलं ते जीपचं पान, आणि ते ऐकायची सगळ्यांत सोयीची जागा म्हणजे अर्थातच जीप. बाजाराच्या दिवशी कोणी ना कोणी मोबाइल काढायचाच. एकदा मीही आत होते. एक म्हातारी चढली, कशीबशी टेकली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "पोरा, माहा पाय कुठी आहे, पाह्य बरं." मागून कोणी बोकडाचा आवाज काढला. सगळी जीप हसून हलायला लागली. मामाने भर रस्त्यात करकचून ब्रेक मारला, उतरला आणि एका शेताच्या बांधावर जाऊन पाठ करून उभा राहिला. बऱ्याच वेळाने परत आला आणि गाडी चालवू लागला. तेव्हा कोणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपते न संपते तोच जीप शाळेच्या फाटकाशी थांबली.

"म्याडम, हे काय लावलं तुमी?" मामा दारातूनच म्हणाला. "मानसं माह्या गाडीत बसून मलेच आयकवून राह्यले. धंदा करू का तमाशा? शनवारी हिले भट्टीवर नेऊन सोडतो. ज्याची पोरगी त्यापाशी बरी."

"चार ओळींसाठी तुम्ही मुलीची शाळा तोडणार?" माझा आवाज चढला. तो चढला की थेट कचेरीतल्या साहेबासारखा होतो असं मोठे सर म्हणत. समोरचा माणूस सहसा दोन पावलं मागे सरतो. मामा सरला नाही.

मोठ्या सरांनी त्याला खुर्ची दिली. "काहून रे, तू दर पोळ्यात माह्या झोपेवर झडत्या म्हनतं. म्या कधी तोंड वाकडं केलं?"

"थो पोळा होता सर. तोरनाखाली म्हटलं होतं. तोरनाखालचं कोनी मनावर घेते का? पोळा फुटला की बात खतम. हे मोबाइलमधी तं रोजच चालू आहे. याले ना तोरन, ना हद्द. आता काय पोळा आहे? वेचनी चालू आहे!"

त्याचं बोलणं मला पटलं होतं, आणि पटलं याचाच मला जास्त राग आला. पोळ्यात तोरण तोडलं की पोळा फुटला म्हणतात, बैल घरोघर जातात आणि झडत्याही तिथेच संपतात. आम्ही झडत्या उचलून आणल्या होत्या आणि तोरण देवळापुढेच ठेवून आलो होतो. सर स्वतः त्याच मातीतले, पण फर्र करणाऱ्या पानांपुढे त्यांनाही ते आठवलं नव्हतं.

भाची दाराला टेकून उभी होती. एवढी तिखट मुलगी, पण आवाज अगदी बारीक झाला होता. "मामा, तोरन असतं तं?"

"असतं तं सगळ्याच्या पयले म्या हासलो असतो," मामा म्हणाला आणि निघून गेला.

ती जागेवर जाऊन बसली. रडली नाही. मीच तोंड फिरवून फळा पुसत राहिले, कोरा होता तरी. मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली. "म्याडम, त्या पुस्तकाले आता पान जोडता येते का? समोरून?"

छापलेलं पुस्तक असतं तर हात चोळत बसावं लागलं असतं. पण हे पुस्तक अजून ओल्या मातीचं होतं. पान घालता येत होतं, काढताही येत होतं. मी जीपचं पान काढायचाच विचार करत होते, कबूल करते. तिला काढायचं नव्हतं. तिला तोरण बांधायचं होतं.

प्रत्येक मुलाने एकेक आंब्याचं पान काढलं. पहिलीतल्या एकाने केळीएवढं काढलं, तेही घेतलं. सगळी पानं दोऱ्यात ओवून वर्गाच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधली, आणि त्या तोरणाचा फोटो पुस्तकाच्या अगदी पहिल्या पानावर आला. त्या पानाला मोठ्या सरांचा आवाज. घसा खाकरून ते म्हणाले, "आयका हो! हे पुस्तक उघडलं की पोळा सुरू. तोरनाखाली जो रागवन त्याची हार. उत्तर द्याचं असन तं झडतीनं द्या." शेवटच्या पानावर तुटलेलं तोरण आणि सगळ्या मुलांची आरोळी, "पोळा फुटला!"

"अजून एक पान घाला," सर म्हणाले. "जीपच्या पानाच्या मांगं. कोरं. वर फकस्त लिवा, मामाचं उत्तर."

मी पुन्हा टाकीवर चढले. पुस्तकाची लिंक तीच होती, त्यामुळे ज्याने कोणी पुस्तक उघडलं त्याला आधी तोरण दिसलं, मग जीप, आणि मग ते कोरं पान.

दोन दिवसांत गंमत फिरली. आता जीपमध्ये बसणारे पायाचं विचारत नव्हते. ते विचारत होते, "काहो, तुमचं पान कोरंच आहे?" "सुचत नाही का काही?" ज्या माणसाने वर्षानुवर्षं सगळ्या गावाला झडतीत धरलं, त्याचं पान कोरं! मोठे सर तेवढ्यावर थांबले नाहीत. पानठेल्यावर चार माणसांत ते सहज बोलल्यासारखं बोलले, "जीपवाला शनवारी भाचीले पोचवून देते म्हनते. म्हनजे झडती सुचली नाही म्हून पोरीलेच हाकललं, असं होईन." सर दुपारी झोपत, पण बाकी वेळ पुरते जागे असत.

तरी मला भरवसा नव्हता. शनिवारी सकाळची शाळा. मी हजेरी घेत होते आणि कान रस्त्याकडे. जीप आली. मागच्या सीटवर एक मोठं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. भाचीने ते पाहिलं आणि दप्तर आवरायला लागली. मी तरातरा फाटकाशी गेले, भांडायच्याच तयारीने.

मामाने गाठोडं उचलून ओट्यावर ठेवलं आणि सोडलं. आत घुंगरमाळा होत्या आणि बैलांची झूल. विकलेल्या जोडीची.

"अशी कशी उघडीबोडकी झडती म्हनाव," तो माझ्याकडे न पाहता म्हणाला. त्याने झूल बॉनेटवर पसरली, माळा आरशाला बांधल्या. मग म्हणाला, "काल बहिनीचा फोन आलता भट्टीवरून. तिथं कोनाच्या मोबाइलमधी आयकलं तिनं. पोरीचं पान आयकलं, अन् मले म्हने, भाऊ, तुहं पान कधी येते? हासत होती, म्याडम. लय दिवसानं हासली थे."

आणि त्याने डोळे पुसले, बाहीने, जीपची काच पुसता पुसता.

रेकॉर्डिंगला सगळी शाळा अंगणात. पहिल्यांदा तो हॉर्न वाजवून बसला. दुसऱ्यांदा मधली ओळच विसरला. तिसऱ्यांदा म्हणाला, "पोट्टेहो, मांगून गजर करा, त्याशिवाय येत नाही." मग आलं.

भाचीनं काढली मामाची लाज,
साऱ्या बाजारात तिचाच आवाज.
मांगं बसा दाटून, नाही तं टपावर चढा,
समोरच्या सीटचा नाद आता सोडा.
ती सीट भाचीची, पाचवीले जाते,
मामाची इज्जत शिकून वापस आनते!

गजर झाला, पण मी 'पाचवीले' या शब्दावरच अडकले होते. गावातली शाळा चौथीपर्यंत. त्यापुढे दारव्हा, आणि तिथे तिला कोण पाठवणार हा प्रश्न आम्ही कोणी मोठ्याने विचारलाही नव्हता. सगळ्या शाळेसमोर म्हटलेलं परत घेता येत नाही, आणि आता तर ते सगळ्या तालुक्याच्या मोबाइलवर जाणार होतं. भाची मात्र पळाली आणि टीव्हीच्या चादरीत तोंड लपवून बसली. तिला बाहेर काढायला मामालाच आत जावं लागलं.

पुढच्या जूनमधली एक सकाळ. चिखल व्हायला लागला होता, तरी मी हट्टाने गाडी काढली आणि नेमकी नाल्याच्या अलीकडे फसले. समोरून जीप आली. आरशाला घुंगरमाळा, काचेवर आंब्याच्या पानांचं छोटं तोरण, मागे माणसं दारांना लोंबकळलेली, टपावर पोती. आणि पुढच्या सीटवर ती, एकटी, दारव्ह्याच्या शाळेचा नवा गणवेश घालून, मांडीवर दप्तर. त्या सीटवर आजवर तिघांच्या खाली कधी कोणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

"म्याडम, चपला सांभाळा!" ती ओरडली.

मी हात दाखवेपर्यंत जीप थांबली आणि तिथेच वाट पाहत उभ्या असलेल्या एकाने पुढचं दार धरलं. "अरे, येवढीशी तं पोरगी आहे," तो मामाला म्हणाला. "सरकवून घे तिले, दोघं आरामात बसतो आमी."

मामाने मानही वळवली नाही. "मांगं पाहा," तो म्हणाला. "ती सीट भरली आहे."